सात गाठींच्या पट्ट्या

सोम., ३ नोव्हें.
सुमनचा तेरावा परवा झाला. पाहुणे पांगले. आक्का तेवढी राहिली आहे. थोरली बहीण, तिला 'जा' म्हणवत नाही आणि 'राहा' म्हणायची छाती नाही.

पंधरा दिवसांनी शेडमध्ये पाय ठेवला. पुण्याच्या गॅलरीसाठीचं काम होतं तसंच लटकतंय. लोखंडी चौकट, तिच्यावरून खाली सोडलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, कारखान्यात खोकी आवळतात त्या. डावी निम्मी बाजू भरलेली, उजवी रिकामी. सुमन शिडीवर चढून बांधायची, मी खाली शिडी धरायचो.

पट्ट्यांच्या जुड्यांचा कोपरा मात्र साफ. विचारलं तर आक्का म्हणाली, सुतक फिटलं तशी शेड धुतली, पट्ट्या गोण्यांत भरल्या, सुतळ्या चुलीत घातल्या.
"हाताला आल्या तेवढ्या गाठी सोडल्या. गेलेल्या बाईच्या हातच्या गाठी घरात ठिवू नयेत. जीव अडकतो तिचा."
मी गोण्या मोजत राहिलो. बोललो असतो तर कारण सांगावं लागलं असतं.

मंगळ., ४ नोव्हें.
ह्या वहीतसुद्धा कधी लिहिलं नाही. आज लिहितो. मला रंग कळत नाहीत.

निळा कळतो, पिवळा कळतो. लाल, हिरवा, भगवा, तपकिरी, सगळा एकच चिखल. एसटीच्या भरतीत डोळ्यांच्या तपासणीत उडालो तेव्हा समजलं. घरी सांगितलं, उंची कमी भरली. मग हायवेच्या कारखान्यात पॅकिंगला लागलो, तिथं ह्या पट्ट्यांचा नाद लागला.

लग्नानंतर आठवड्यात सुमनच्या हिरव्या चुड्याला मी लाल म्हणालो. हसली नाही. नुसती बघत राहिली. नंतर तिनंच गाठींचं काढलं. प्रत्येक जुडीच्या सुतळीला गाठी. एक म्हणजे लाल, दोन हिरवा, तीन भगवा, चार तपकिरी, पाच गुलाबी, सहा पोपटी. पट्टी वर बांधली की तिच्या सुतळीलाही तेवढ्याच गाठी, म्हणजे मला बोटांनी मोजता यावं. आकार माझे, रंग तिचे. नाव माझ्या एकट्याचं.

पेपरात एकदा आलं होतं, मार्गासनीचा रंगांचा बादशहा. दोघं पोट दुखेस्तोवर हसलो होतो.

सात गाठींचीही एक जुडी असायची. कुठला रंग, ते कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, "तेवढा माझ्याकडं राहू द्या." राहिला.

रवि., ९ नोव्हें.
चार दिवस गोण्या उपसतोय. जाडी बघितली, वास घेतला, उन्हात धरून बघितल्या. निळ्या-पिवळ्या निघाल्या. बाकी ढीग. आंधळ्यानं भात निवडावा तसं चाललंय.

पुण्याहून गॅलरीवाल्या बाईंचा फोन. अगोदर सुमनबद्दल हळहळल्या, चांगल्या आहेत. घाई नाही म्हणाल्या आणि लगेच म्हणाल्या, टेम्पो तीस तारखेला पाठवते. बाकी तुमच्या रंगांवर आमचा डोळे झाकून विश्वास.
डोळे झाकून!

बुध., १२ नोव्हें.
आज आक्कावर उखडलो. निमित्त काय, तर चहा गोड झाला. तोंडाला येईल ते बोललो. माझ्या घरातल्या वस्तूंना हात लावायचा तुला काय अधिकार, इथपर्यंत. ती भांडी घेऊन मागच्या दारी गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. भांडी दोनच होती.

सुमन असती तर तिनं माझीच काढली असती. म्हणाली असती, तुमचं दुखणं तुमी सांगायचं न्हाई आणि दुसऱ्यानं वळखायचं, ही कुठली रीत?
भात काढायला माणसं मिळत नाहीत म्हणून भाच्याचा वेल्ह्याहून फोन येतोय. तरी आक्का जात नाही. मला एकट्याला सोडायला भिते बहुतेक.

शनि., १५ नोव्हें.
सांगितलं. सकाळी, दात घासता घासता. तसं सांगायचं ठरवलं नव्हतं.

आक्का पायरीवर बसलीच. बराच वेळ माझ्या डोळ्यांकडं बघत होती, काही दिसतंय का म्हणून. मग म्हणाली, "लहानपणी आंब्याच्या झाडाखाली उभं राहून पिकला कुठला ते मला इचारायचास. मला वाटायचं, लाडात येतोय."
आणि मग तिला गाठींचं उमगलं. आपण काय चुलीत घातलं, ते. तिनं पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, तुला कुठं माहीत होतं. ती म्हणाली, तिची सुटका करायला गेले आणि तुला बांधून ठिवला.
मला रडू आलं. स्मशानात आलं नव्हतं ते सगळं पायरीवर आलं.

सोम., १७ नोव्हें.
आक्का निवडायला बसली आहे. मिरचीचा ढीग, कोथिंबिरीचा ढीग, गुळाचा ढीग. दर ढिगाला विचारते, ह्याला किती गाठी? मी सांगतो. सुमन गाठ घट्ट मारायची, आक्काची सैल येते. बोटांना फरक कळतो.

सहाच ढीग झाले. सातवा रंग सापडेना. आक्का म्हणाली, जे होतं ते सगळं ह्यातच आहे, वेगळं काही नाही. मग म्हटलं, डाव्या बाजूला शिडी लावून बघ, सात गाठींच्या कशा आहेत त्या. मला ते विचारावंसं वाटत नव्हतं. तिचं तिच्याकडं राहू द्यायचं होतं. पण उजवी बाजू कशी भरणार?

आक्का साठीची, शिडी चढली. मी धरली. एकेक सुतळी मोजत गेली.
"अरे, ह्या एका रंगाच्या न्हाईत. ही लाल हाय. ही हिरवी. ही तपकिरी. सातच गाठी समद्यांना."
पुन्हा मोज म्हटलं. पुन्हा तेच.

सुमन चुकायची नाही. दहा वर्षांत एक गाठ चुकली नाही.

गुरु., २० नोव्हें.
किकवीला गेलो, निसारभाईंकडं. भोरचे, पण भंगाराचं दुकान इथं हायवेला. पट्ट्या पहिल्यापासून त्यांच्याकडून. तेराव्यालाही आले होते, मागं उभं राहून गेले.

सात गाठींचं विचारलं. म्हटलं, सुमन कधी काही वेगळं मागायची का. निसारभाईंनी आधी चहा सांगितला. मग माझ्याकडं न बघता बोलले.
"तुमी ढिगातनं उचलायचा ना, हौसेनं? लाल म्हणून हिरवी, हिरवी म्हणून तपकिरी. वहिनी मागनं यायच्या. मी म्हणायचो, बदलून देतो. त्या म्हणायच्या, नको, त्यांनी निवडलेल्या हायत, त्या मी येगळ्या बांधते."
मला वाटत होतं, माझ्या चुकलेल्या पट्ट्या ती गुपचूप परत करते. तसं विचारलंही होतं एकदा. ती हो म्हणाली होती.
म्हणजे तुम्हाला माझं माहीत होतं, असं निसारभाईंना म्हटलं. म्हणाले, "दहा वर्सं झाली की. वहिनींनी शपथ घातली हुती."

येताना नसरापूरपाशी गाडी बाजूला घेऊन बसलो. आजवरच्या प्रत्येक कामात मी निवडलेल्या पट्ट्या आहेत. तिनं त्या सगळ्या बसवून घेतल्या. शेजारचे रंग त्यांच्याप्रमाणं बदलत गेली असणार. मला कधी कळू दिलं नाही. आणि मी मेला, तिला एकदाही म्हणालो नाही की गॅलरीच्या बोर्डावर तुझंही नाव टाकू.

मंगळ., २५ नोव्हें.
उजवी बाजू भरत आली. आक्का गाठी सांगते, मी चढतो. गुडघे बोंबलतात. चांगलं झालंय की वाईट, मला कळायचा मार्ग नाही. आक्का म्हणते, बरं दिसतंय. ती तर माझ्या हातच्या करपलेल्या पिठल्यालाही बरं म्हणते.

गॅलरीच्या बाईंचा मेसेज. बोर्डावर काय छापायचं, कामाचं नाव आणि कलाकाराचं नाव, उद्यापर्यंत द्या. कागद घेऊन बसलो. सुमनचं नाव टाकलं तर पुढं सगळं सांगावं लागेल. बादशहाचं काय ते होऊ दे, पण तिनं दहा वर्षं झाकलं ते मी उघडं करायचं का? तिला चाललं असतं का?
कागद कोराच.

गुरु., २७ नोव्हें.
बाईंकडं एक दिवस मागून घेतला.

सकाळी पुन्हा किकवी. निसारभाईंना म्हटलं, आज मदत नको. ते आत जाऊन बसले. ढिगातून एकट्यानं अकरा पट्ट्या उचलल्या. लाल वाटल्या म्हणून, हिरव्या वाटल्या म्हणून. घरी येऊन प्रत्येकीला सात गाठी मारल्या. घट्ट.

दुपारी लावल्या. ठिकाणं आकार बघून ठरवली, मला तेवढंच येतं. आक्का शिडी धरून होती. शेवटची बांधली तेव्हा ती खालून म्हणाली, "ही कुठल्या रंगाची हाय, सांगू का रं?"
म्हटलं, सुमननं सांगितलं न्हाई. तूबी नको सांगू.
खाली उतरलो. बोर्डाचा कागद अजून टेबलावर आहे. सुमनचं नाव लिहिलंय. माझं तिच्या आधी की नंतर, की लिहूच नको, ते ठरत नाही.