पडलो नाही, उतरलो

४ जून
दुकानात किरकोळ घटना. गिऱ्हाइकाला खुर्चीची मजबुती पटेना, म्हणून मी स्वतः तिच्यावर उभा राहिलो. म्हटलं, हत्ती बसला तरी हलणार नाही. वाक्य संपायच्या आत खुर्ची संपली. कोणी पाहिलं नसावं.

६ जून
सगळ्यांनी पाहिलंय. कुणा हलकटाने व्हिडिओ टाकला, वर हत्तीचा आवाज जोडला. बायको स्वयंपाकघरात जाऊन हसली. नळ सोडून हसली, तरी ऐकू आलं.

७ जून
मीम सुरू. मी अधांतरी, खाली लिहिलंय, 'सोमवार सकाळ'. अत्यंत भिकार विनोद. पुरावा म्हणून सगळे पाहिले. काही दोनदा.
गुन्हेगार निश्चित: मेहुणा. त्या दिवशी उगाच दुकानात टपकला होता, हातात फोन.

८ जून
मेहुण्याला जेवायला बोलावलं. शांतपणे बोलायचं ठरवलं होतं. तो म्हणाला, दाजी, मी टाकला नाही, नुसता पुढे पाठवला. कुणाला? तर सगळ्यांना. मी त्याच्यासमोरचं ताट ओढलं. बायको उठली. म्हणाली, आता एकटेच गिळा. दोघं बाहेर जेवायला गेली. भूक मेली होती. अन्न टाकू नये म्हणून तिघांचं संपवलं.

१० जून
खुलाशाचा व्हिडिओ केला. इस्त्रीचा शर्ट, करारी चेहरा. स्पष्ट सांगितलं: मी पडलो नाही, उतरलो. विषय संपला.

१२ जून
'पडलो नाही, उतरलो' लिहिलेले टी-शर्ट निघालेत. माझ्याच मुलीने एक मागवला. म्हणते, बाबा, कापड चांगलंय.

१३ जून
व्हिडिओ मालकाने टाकला होता! दुकानाच्या कॅमेऱ्यातला. वर निर्लज्जपणे म्हणतो, गर्दी बघा की, दर शनिवारी पडाल का, खाली गादी टाकू. राजीनामा तोंडावर फेकला. कपाटामागे गेला. दोघांनी कपाट सरकवून काढला, मग रीतसर दिला. आठवड्यात पाय धरत येईल.
मेहुण्याची माफी मागणार नाही. त्याला सुचलं असतं तर त्यानेच टाकला असता.

२१ जून
मालक आला नाही. माझा फोन बिघडला असावा. बायकोला रिंग द्यायला लावली. वाजतो.
माझ्या जागी गोदामातला हमाल पडतो म्हणे. पाहिलं. पडण्याआधी खाली बघतो, हात आधीच पसरतो. जीव नाही त्यात. लोकांनी मात्र डोक्यावर घेतलाय. गाढवं सगळी.

२७ जून
दुसऱ्या फर्निचरच्या दुकानात मुलाखत. इतक्या वर्षांचा अनुभव सांगायला लागलो, तर मालकीणबाई म्हणाल्या, ते राहू द्या, पडून दाखवा. मी ठाम नकार दिला. त्या म्हणाल्या, मग या. घरच्यांची तोंडं डोळ्यांपुढे आली. पडलो. त्यांनी परत पडायला सांगितलं. परत पडलो, ओरडून. बाईंनी मान हलवली.
म्हणाल्या, मेहनत दिसते, पण त्या हमालाची नक्कल करू नका. स्वतःचं काहीतरी आणा.