डायमधला हात

३ नोव्हेंबर १९९७, शिरवळ
सकाळच्या एसटीने सांगलीहून आले. कारखान्यात माझ्यासाठी वेगळं टेबल, आणि संगणकात नवं कोरं कार्ड, कॅमेऱ्यातलं चित्र थेट पडद्यावर आणणारं! आटपाडीच्या बुद्धवाड्यातून एम.ई.पर्यंत पोचलेली मी पहिली. हा प्रकल्प झाला की माझे मार्गदर्शक घोरपडे सर प्रबंधावर सही करतील, पत्र देतील, मग पुण्यात नोकरी. कामही मनासारखं आहे. पॉवर प्रेसच्या डायमध्ये, म्हणजे वरच्या-खालच्या साच्यामध्ये, कामगाराचा हात असला तर कॅमेऱ्याने ओळखायचा आणि प्रेस थांबवायची.

११ नोव्हेंबर
प्रोग्रॅम प्रेस चालूच होऊ देत नाही. डाय रिकामा, तरी पडद्यावर हात. दिवा बदलला, भिंग पुसलं, केबल बदलली. हात तिथेच, करंगळी वाकडी. ऑपरेटर हरिबांना बोलावलं. त्यांनी टोपी काढली. म्हणाले, "ह्यो यल्लाप्पाचा हाय, ताई."

१२ नोव्हेंबर
हरिबांनी जेवणाच्या सुट्टीत सगळं सांगितलं. गेल्या वर्षी याच प्रेसवर यल्लाप्पाचा हात गेला. साताऱ्याला नेताना वाटेतच तो संपला. प्रेस आपोआप पडते, हे त्याने तीनदा सांगितलं होतं. अहवालात प्रेस ठणठणीत आणि यल्लाप्पा दारू प्यालेला. "दारूला शिवत न्हवता ओ त्यो." प्रेस तपासायला कारखान्याने बोलावलं होतं घोरपडे सरांना; अहवालाखाली सही त्यांचीच. माझ्या प्रबंधावर व्हायची आहे, तीच.
 

१५ नोव्हेंबर
सर आले. पडदा बघून चेहरा उतरला, मग माझ्यावरच ओरडले. एक हात दिसला तर सोडून द्यायचा, दोन दिसले तरच, आणि दिसतील तोवरच, प्रेस थांबवायची, असा बदल कर म्हणाले. खरा हात एकटाच असला तर, मी विचारलं. म्हणाले, तुमच्या लोकांना इथवर येऊ दिलं तरी तोंड चालतंच. सही हवी आहे ना?
लिहिली ती ओळ. माझीच मला शिसारी आली.

१७ नोव्हेंबर
मालक चाचणी बघायला आले. हरिबांनी डायमध्ये हात घालायला साफ नकार दिला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, सर, नियम तुमचा, हात तुम्ही घाला. सर संतापले. बाही सारली. घातला.
पडद्यावर दोन हात. प्रेस थांबली. मालकांनी मान डोलावली.
मग तो दुसरा, वाकड्या करंगळीचा — मागे सरकला. सावकाश. चित्राच्या बाहेर.
एकच उरला. सरांचा.

१८ नोव्हेंबर
सर दवाखान्यात. शुद्ध नाही.
फौजदारांनी विचारलं, प्रेस बंद करायचं लाल बटण तुमच्या हाताशी होतं, दाबायला वेळ मिळाला नाही का. नाही म्हटलं.
मिळाला होता. तो हात सरकताना मला दिसत होता — पूर्ण — माझी बोटं बटणावर होती — कुणी धरली नव्हती, कुणीच नाही — मी मनात यल्लाप्पाचं नाव घेतलं आणि —