कालच्या आमटीसाठी जनरेटर

रविवार, पोशीर. जेवण गेलं नाही.

शेजारचे काका गेले, त्यांचं आज पुण्यानुमोदन होतं. मी मांडवात पुढेच बसलो होतो. बुद्धवंदना सुरू होणार तोच लाईट गेली आणि माईक बंद पडला. माझ्या डोक्यात पहिलं काय आलं, तर घरचा फ्रीज. उठलो, घरी आलो आणि मागच्या अंगणात जनरेटर चालू केला. नवा आहे, हात शिवशिवत होते, तेही खरंच.

कुंपणापलीकडे वंदना सुरू झाली, पण मशीनच्या आवाजात मला एक शब्द कळेना. मग मांडवात तरी काय कळत असेल? तरीही बंद केला नाही. आणि फ्रीजमध्ये होतं काय? कालची आमटी आणि पाण्याच्या बाटल्या.

लाईट आल्यावर काकू वाटीभर खीर घेऊन आल्या. वाटलं, आता बोलतील. तर म्हणाल्या, "तू उठलास तवा मीच सगळ्यांना म्हटलं, थांबा रं जरा, आपला सुनील माईकला वायर टाकायला गेलाय."

म्हणजे सगळे थांबले होते. माझ्यासाठी.

मी म्हटलं, "वायर पुरली नसती, काकू."

"असू दे रं," म्हणाल्या. "तशीच केली आमी वंदना."

लांब वायर जनरेटरबरोबरच आणली होती. कुंपणावरून टाकली असती तर मांडवात पोचून वर उरली असती. मला सुचलंच नाही. सुचलं नाही ते एक, पण खोटं कशाला बोललो?

खीर फ्रीजमध्ये ठेवली आहे, आमटीशेजारी. खाववत नाही.