बिऱ्हाडकरू मंडळी

पप्पा, परळची खोली सोडली. चाळ पाडून टॉवर होणार, तोवर आम्ही पनवेलला. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, तरी हे तुम्हाला सांगायची भीती वाटत होती. खोलीचं जाऊ द्या, माझा खरा जीव अडकला होता चर्चमध्ये. दर रविवारी पनवेलहून परळ गाठणं गुडघ्यांना झेपेना. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, आमचा सभासदत्वाचा दाखला घ्या आणि तिकडच्या मंडळीत सामील व्हा." मी तडकलेच! म्हटलं, "माझा बाप्तिस्मा इथला, लग्न इथलं. मी इथली पॅरिशनर आहे, हक्काची; पाहुणी नाही."

पाळकसाहेब तरुण, पण पक्के. हसून म्हणाले, "पॅरिशनर म्हणजे काय, ठाऊक आहे? मुळात ग्रीक शब्द. आधी घराशेजारी राहणारा, मग परक्या गावात मुक्कामाला असलेला. पहिले ख्रिस्ती स्वतःला तसंच म्हणवायचे. आपल्या भाषेत सांगायचं तर बिऱ्हाडकरू."

मला एकदम तो रविवार दिसला. मी नऊ वर्षांची आहे. आपल्या नेहमीच्या बाकावर नगरकडचं एक कुटुंब येऊन बसलंय. बाईच्या हातात गावच्या चर्चचा दाखला, घड्या पडून पडून मऊ झालेला. मी ठसक्यात म्हणते, "उठा, हा आमचा बाक आहे." तुम्ही मिलची रातपाळी करून तसेच आलेले, डोळे लाल. त्यांना "बसा हो, बसा" म्हणता आणि मला दंडाला धरून मागे नेता. "तुझा आजा असाच कागद घेऊन या दारात उभा होता. कोणीतरी सरकून त्याला जागा दिली, म्हणून तू आज इथे मिजास करतेस!" अख्खी उपासना आपण दोघं उभे. सगळ्यांदेखत मी मुसमुसत होते. त्या दिवसाचा तुमच्यावरचा राग कितीतरी वर्षं माझ्या मनात होता.

आता तो गेला. मुकाट्याने दाखला घेतला आणि गेल्या रविवारी पनवेलच्या चर्चमध्ये गेले. बाकांच्या कडेला उभी राहिले. एका म्हातारीने शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाली, "बस गं. कुठली तू?" मग उपासनेनंतर चहा, माझ्या घरची चौकशी, तिच्या सुनेच्या कागाळ्या. मजा आली, पप्पा.

हे पत्र पाठवणार तरी कुठे? लिहून झालं की फाडून टाकीन. एकच सांगायचं राहिलंय, रागावू नका. पनवेलच्या त्या रविवारी मला परळची आठवण आली नाही. तुमचीही नाही.