अप्पांनी मारलेली गाठ

चामराजपेट, रविवार, जानेवारी १९९४

संध्याकाळ झाली तरी पायांवरच्या पट्ट्या माझ्याच्यानं सोडवत नाहीत.

माजी सैनिकांच्या मेळाव्यात आज जुन्या घोडदळाचा देखावा होता, त्यात मी घोडेस्वार. सकाळी अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, ट्रंकेतल्या लोकरी पट्ट्या काढल्या आणि घोट्यापासून वर गुडघ्यापर्यंत गुंडाळल्या. अप्पा हल्ली कुणालाच ओळखत नाहीत. पण माझे पाय पाहून ते खुर्चीतून उठले आणि समोर जमिनीवर बसले.

"ही पायदळाची रीत. स्वार गुडघ्यापासून खाली बांधतो. गाठ घोट्याशी, नाहीतर खोगिराला घासते."

सगळं सोडून त्यांनी पुन्हा बांधलं. चहाचा कप धरवत नाही त्यांना, पण हात जरासुद्धा थरथरले नाहीत. मला वाटलं, आता नावानं हाक मारतील. का वाटलं असेल?

घोट्याशी गाठ मारून त्यांनी वर पाहिलं.

"तुझ्या वडिलांनी एवढंही शिकवलं नाही का रे?"

"आत्ताच शिकवलं," मी म्हणालो.

"सरी, ठीक आहे," म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

देखावा छान झाला म्हणे. गाठ अजून तशीच आहे, घोट्याशी. मला तशी पुन्हा मारता येणार नाही.