मशीनच्या काठाला करंट

२ एप्रिल २००३, बुधवार
आणि वर मलाच म्हणतात, तुला काय कळतं मशीनमधलं! मला येवढं कळतं की पलंगायेवढं धूड बैठकीत घातल्यावर माणसं बसवायची कुठं. नांदेडचं एक गेमचं दुकान उठलं, तिथून ह्यांनी टेम्पोत घालून आणलं. काचेखाली लोखंडी गोळी पळती. खाली दोन पाती. बटन दाबलं की पातीनं गोळीला टोला मारायचा. टोला कसला! उजवी पाती नुसती थरथरती. गोळी अर्ध्यातून माघारी. आणि चौदा तारखेला भीमजयंतीच्या मांडवात गल्लीतल्या लेकरांना खेळू देणार म्हणून विहाराच्या हॉलवर बोलून बसलेत.
"व्होल्टेज न्हाई," म्हणे. मंग पंखा कसा फिरून राहिला?

४ एप्रिल, शुक्र.
हे ड्यूटीवर, एस्टीची परभणीची गाडी. पिन काढून वायर वर खुंटीला टांगली, मंगच हात घातला. सरितानं फळी उचलून धरली. दहावीचे पेपर झाले, रिकामीच हाय पोरगी.
आत पाहते तर माझं शिलाई मशीनचं तेल! माझ्या मशीनला चालतं म्हणून ह्यांनी ह्यालाबी पाजलं. शेजारी हळद पॉलिश करायचा ड्रम फिरतो दिवसभर, ती सगळी भुकटी तेलाला चिकटलेली. पाती ढकलणारा दांडा ज्या नळीत पळतो तिच्यात पिवळा राबडा. दांडा सरकंल कसा? काडीला चिंधी गुंडाळून नळी पुसली. कोरडी. तेलाचा थेंब न्हाई घातला. पातीमागच्या करंट जोडणाऱ्या दोन पितळी पट्ट्या काळ्या पडल्या व्हत्या, मधून कोरा कागद ओढून पुसल्या.
सांजच्याला लावलं. पातीनं अशी हाणली की गोळी काचेवर. सरिता नाचली. हे म्हणे, "मी म्हणलंच व्हतं." काय म्हणलं व्हतं? व्होल्टेज?

७ एप्रिल, सोम.

फरशी पुसून सरिता ओल्या पायानं मशीनपाशी गेली. काचेभवती स्टीलची पट्टी हाय, तिला हात लावला नी किंचाळली. "आई, मुंग्या. खांद्यापर्यंत." दारात गल्लीतली सात-आठ लेकरं, आपली पाळी कधी म्हणून. सगळी हाकलली. बटन बंद.
हे आले, टेस्टर लावला. लाल. म्हणे, "चप्पल घालून खेळायचं. येवढं तर फ्रिजलाबी असतंय."
पिन पाहिली. तीन पायाची, मोठा पाय कापलेला.
"काहून कापला?"
"आपल्या बोर्डाला दोनच भोकं हायेत."
काय बोलावं ह्या माणसाला. अर्थिंगचाच पाय, उतरलेला करंट जमिनीत नेणारा, तोच कापला.

९ एप्रिल
झोप न्हाई. मागच्या उन्हाळ्यात समोरची कमलबाई कूलरमधी पाणी टाकताना चिकटली. ह्यांनीच लाकडानं सोडवली. सोडवून काय उपेग. पदर भिजलेला, ओठ निळे. सगळं इसरले?
मांडवात धूळ बसावी म्हणून पाणी मारतात. ओली माती, अनवाणी लेकरं, एकमेकाला रेटून राहिलेली. पाती ढिली व्हती तवर कुणी फिरकत नव्हतं. ताठ मीच केली.

११ एप्रिल, शुक्र.
हॉलवरचे दोघं आले. "जयभीम, ताई. सोमवारी सकाळी टेम्पो धाडतो."
म्हणलं, "जयभीम. चप्पल काढून काठाला हात लावा आधी, मंग टेम्पो धाडा."
हसले. "ताई तर वायरमन झाल्या!" पण हात कुणी लावला न्हाई.
ते गेल्यावर हे भडकले. "मी जबान दिली. चारचौघांत तमाशा काहून?"
मीबी सोडलं न्हाई. म्हणलं, अर्थिंगला अंगणात खड्डा खंदा. कोळसा, मीठ, पाणी घाला, तार सोडा, तीन भोकांचा बोर्ड नी तीन पायाची पिन लावा. टेस्टर विझलेला मला दाखवा. मांडवातबी तसंच करा. न्हाईतर मशीन उंबऱ्याबाहेर जायचं न्हाई, मी आडवी पडते.
हे जेवले. ताटातच हात धुतला नी पडले, भिंतीकडं तोंड करून. मी पाठीलाच बोलले, जागेच व्हते. परवा रविवार. दुपारी ताट वाढायच्या आत मला सांगा. खड्डा खंदता, व्हय का न्हाई?