तिवड्याला बांधलेलं जहाज

३ डिसेंबर, बुधवार

सगळ्यांच्या आधी आली ती बेबी. पाहुणे अजून गडबच्या फाट्यावर पंक्चर काढत होते आणि ही माझ्या ओटीवर हजर, हातात वाटी, विरजण पाहिजे म्हणून. विरजण कालच नेलेलं. म्हटलं, बस, काय बघायचं ते बघून जा. "काकी, जहाजवाले येतात ना गो तुमच्याकडं? सानिकाची नोकरी जहाजाचीच ना?" शेजारणीला माझ्या आधी माहीत.

सानिका म्हणजे माझी नात, पनवेलच्या मुलाची. पुढे नुसतं सा. लिहीन, बोटं दुखतात. इंजिनेर झाली. तिच्याबरोबर तिची बंगळूरच्या ऑफिसातली मॅडम, मूळ केरळची पण मराठी बोलते, केस बारीक कापलेले, माझ्या मुलाच्या वयाची असेल. आणि तिवईवरून मोजणारा एक जण, तो बोलतच नाही. चहाला हो, पाण्याला हो, बस.

खाडीकडचं आमचं खारं शेत बघायला आले. बांध फुटल्यापासून तिथे मीठच पिकतं म्हणायचं. मॅडम त्या शेतावर अशी खूष, जशी मी आंबेमोहोर बघून होते. तारा नाहीत, झाड नाही, सपाट. डोलवीच्या कारखान्याच्या चिमण्या लांब.

इथे हवेतनं चालणारं जहाज उतरवायचं म्हणाली. मी म्हटलं, फुगा उडवणार का? सा. म्हणाली, "आजी, फुगा नव्हे. फुग्याला हाडं नसतात. ह्याला आत सांगाडा असतो, सांगाड्यात गॅसच्या पिशव्या, वरून कापड. गॅस कमी झाला तरी आकार तोच." म्हणजे छत्रीच्या काड्यांसारखं. हो म्हणाली. खाली माणसं बसणार, पन्नास. खिडक्यांना काचा.

उतरल्यावर नाक एका खांबाला बांधायचं, मग वारा फिरेल तसं ते खांबाभोवती फिरणार. मी म्हटलं, हे तर आमचं मळणीचं झालं. खळ्यात मधोमध खांब रोवायचा, त्याला बैल बांधायचा, तो गोल फिरतो. मॅडमने विचारलं, त्या खांबाला काय म्हणतात. तिवडा. तिने वहीत लिहिलं. माझा शब्द बंगळूरला जाणार.

वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सुकट. मॅडमने सुकट दोनदा घेतली. बेबी विरजण न घेताच गेली.

४ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार, उपास. घट मांडला. सा. राहिलीय, मॅडम पेणला लॉजवर.

सा.ने जुनी गोष्ट सांगितली. शंभर वर्षांपूर्वी जर्मन लोकांची अशी जहाजं समुद्र ओलांडून अमेरिकेला जायची. दोन-तीन दिवस लागायचे. आत निजायला पलंग, जेवायला टेबलं, पांढरे रुमाल, एकात तर अॅल्युमिनियमचा पियानो, वजन नको म्हणून. खिडकी उघडून खाली गुरं बघायची म्हणे. मला तेच पटलं. विमानात खिडकी उघडत नाही असं धाकटी सून सांगते, मी बसलेली नाही.

गॅसच्या पिशव्या मात्र गाईच्या आतड्यांच्या. हजारो गाईंच्या. मी म्हटलं, गुरुवारी हे सांगू नको. घटासमोर हात जोडले.

मग एक जहाज उतरता उतरता पेटलं. बघता बघता सगळं जळालं. लोकांनी धसकाच घेतला, पुढे कोणी बसेना. विमानंही आली होती. आता परत बांधायला लागलेत, परदेशात, इथे. आताचा गॅस पेटत नाही. हेलियम. तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणाली.

मी : मग एवढी वर्षं काय झोपले होते?
सा. : घाबरले होते, आजी.

धावपट्टी लागत नाही. मोकळं शेत आणि खांब, झालं. कोकणात गावोगाव उतरेल. मी म्हटलं, हायवे पुरा व्हायच्या आत होईल का? "त्याच्या आत तर नक्की." दोघी हसलो. हायवेचं नाव काढलं की आमच्याकडे सगळेच हसतात, नायतर करणार काय. (नाही तर.)

आणि मग जागेचं निघालं. सातबाऱ्यावर माझं नाव आणि माईंचं. "माईआजीची सही लागेल. डिसेंबरअखेर. नाहीतर मॅडमनी गुजरातेत दुसरी जागा बघून ठेवलीय." मी विचारलं, तू पण गुजरातेत? "काम जिथे तिथे. इथे झालं तर दोन वर्षं तुझ्याकडे राहीन."

मी साबुदाणा ढवळत राहिले. खाली लागला.

५ डिसेंबर, शुक्रवार

माई माझी मोठी जाऊ. रोह्याला शाळेत शिकवायच्या, आता रिटायर. भाऊजी गेले, आमचे हे पण गेले. लग्नकार्यात समोर आलो तर "बरी आहेस?" "बरी." संपलं.

कारण लिहूनच टाकते. मामंजी आजारी, हे कामावर, तर रोह्याला पत्र मी लिहिलं. माझी शाळा दुसरीपर्यंत. लिहिलं, मामंजींना बरं नाय, तुमची वाट बघतात. माझा न असा की माईंनी वाचलं, बरं हाय. मग काय घाई, शाळेची परीक्षा झाली की जाऊ, असं ठरवून ते उशिरा आले. तोवर मामंजींना अग्नी देऊन झाला होता. भाऊजी ओटीवर बसून रडले. माई मला दारात म्हणाल्या, "एवढी दोन अक्षरं तरी नीट शिकायची होतीस."

तेव्हापासून कोणाला पत्र नाही. फक्त ही वही. आणि वहीत मी 'आहे' आणि 'नाही' पूर्ण लिहिते, हाय-नाय नाही. बोलताना काय ते बोलते. कधीतरी चुकतं.

सा. म्हणाली मी जाते. म्हटलं, नको, मीच जाईन.

७ डिसेंबर, रविवार

एस्टीने रोह्याला. पेणचे पापड, पातळ पोहे, घरची चार शहाळी. नागोठण्यापर्यंत एका बाईचं टोपलं माझ्या पायावर. पाय अजून सुजलाय.

माईंची खोली दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीतून कुंडलिका नदी दिसते. दार उघडलं आणि माझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघत विचारलं, "कोण?" मला वाटलं, मुद्दाम. मुद्दाम नव्हतं. डोळ्यांचं मधलं गेलंय. कडेकडेचं दिसतं. वाचता येत नाही, दोन वर्षं झाली. मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

कागद पुढे केला. "मी न वाचलेल्या कागदावर सही करत नाही, सुमन." सा.ला फोन लावते म्हटलं. "का? तू वाच."

चार पानं. बारीक टाइप. संमतिपत्र म्हणायला मी तीन वेळा अडखळले, त्यांनी तोडून तोडून सांगितलं, जसं पोरांना सांगत असतील. 'तात्पुरत्या स्वरूपाचे' वर थांबले तर म्हणाल्या, "पुढचं वाच, अडू नको." दीड तास. चौथ्या पानावर मी न थांबता वाचत होते. खरंच.

मग कागदाची घडी घातली. मी म्हटलं, "माई, त्या पत्राचं—"

"तुझा न आणि ह अजून सारखाच का गं?"

"आता हात कापतो. सगळीच अक्षरं सारखी येतात."

त्या हसल्या. मग मीही. हसता हसता माझ्या डोळ्यांना पाणी आलं, त्यांना ते दिसलं नसावं. किंवा कडेने दिसलं असेल. "मी पण परत विचारायला हवं होतं," म्हणाल्या. "उलट एक कार्ड टाकून भागलं असतं. तुझ्यावर टाकलं, सोपं पडलं."

सही केली नाही पण. "पेटणारं काही माझ्या सासऱ्यांच्या शेतात नको. आधी मला तिथे न्या. काय बांधणार ते हातात द्या. मग बोलू."

८ डिसेंबर, सोमवार

पाय दुखतो. सा.ला सांगितलं. तिने मॅडमला. शुक्रवारी लहान जहाज आणणार, दाखवायला. माणसं न बसणारं. बेबीला सांगितलं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

सगळ्या गावाला कळलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

काय काय लिहू.

माईंना सा. गाडीतून घेऊन आली. ट्रक पहाटेच आलेला. आम्ही शेतात, आणि शेतात कोणीच नाही. मला वाटलं, बेबी आजारी पडली. मग बघते तर सगळा गाव खाडीच्या धक्क्यावर, पाण्याकडे तोंड करून, पोरंबाळं खांद्यावर. जहाज येणार म्हटल्यावर ते कुठून येणार? बेबी तर पहाटेपासून जागा धरून बसलेली. तिकडून हाक, "काकी, भरती उतरली, जहाज रुतंल गो!" मी हाक मारली, "मागं बघ." सगळे मागं वळले. त्यांचे चेहरे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

दोन एस्ट्या एकामागे एक लावल्या तर जेवढी लांबी होईल तेवढं. पांढरं. कापड लावायच्या आधी एका बाजूने उघडं ठेवलं होतं, माईंसाठी. मॅडमने त्यांचा हात धरून आत सांगाड्यावर ठेवला. काळ्या नळ्या, बांबूपेक्षा हलक्या. माई एकेक नळी चाचपत पुढे गेल्या. "बरगड्या," म्हणाल्या. मग मॅडमला इंग्रजीत काय काय विचारलं. ती दोनदा डोकं खाजवून उत्तर देत होती. मला कळलं काही नाही, छाती मात्र माझी फुगली.

मग ती बाजू कापडाने झाकली आणि जहाज वर गेलं. आवाज नाही. शिट्टी नाही, धूर नाही. कापसासारखं वर. माई समोर बघतच नव्हत्या, डोंगराकडे तोंड करून उभ्या. मी म्हटलं, इकडे. "इकडे बघितलं तर दिसत नाही. तिकडे बघितलं की दिसतं." आणि मग, "केवढं गं."

खाली आणून नाक खांबाला बांधलं. आणि शेपटीला पण एक दोर, जमिनीत मेख मारून. मला बघूनच कसंतरी झालं. तिवड्याला बैल बांधला की त्याची शेपटी कोण बांधतं? पण ते शिकलेले. मी कोण सांगणारी.

दुपारी वारा फिरला. रोजच फिरतो. सकाळी डोंगराकडून, जेवणं झाली की खाडीकडून. जहाजाला फिरायचं होतं, शेपटी सोडीना. कण्हल्यासारखा आवाज. मी ओरडले, "शेपटी सोडा, शेपटी." तो न बोलणारा मोजणीवाला धावला, मेख उपटली, तोवर मागचं बांधावर आपटलं. एक बरगडी वाकली. मॅडम मटकन बांधावर बसली. सा. वाकलेली नळी हाताने चाचपत राहिली.

धक्क्यावरचे हळूहळू घरी गेले. बेबी तेवढी थांबली.

१३ डिसेंबर, शनिवार

माई रात्री इथेच राहिल्या. एक रात्र म्हणून.

सकाळी मॅडम आली. म्हणाली, आम्ही पंधरा दिवसांचा वारा मोजून घेतला होता, पण लांबच्या ठिकाणचा. मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. भात वारवायला दुपारीच उभं राहायचं, पाठ खाडीकडं करून. सकाळी राहिलं तर सगळा कोंडा तोंडात."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारलं कुठं."

माई आतून, "खारे वारे आणि मतलई वारे. पाचवीच्या भूगोलात आहे." सा. हसायला लागली, मॅडमला कळेना का. सा. कालपासून पहिल्यांदा हसली.

मग मॅडमने जे सांगितलं ते ऐकून मी दोनदा विचारलं, मीच का. रोज सकाळी, दुपारी, दिवेलागणीला शेतावर जायचं. वारा कुठून, किती, कधी फिरला. लिहून ठेवायचं. यंत्र पण बसवणार, पण यंत्राला फिरण्याआधीची चाहूल कळत नाही म्हणाली.

मी म्हटलं, माझं अक्षर...
"मला वाचता आलं की झालं."
माई म्हणाल्या, "मी बघते." मग स्वतःच, "ऐकते."

१५ डिसेंबर, सोमवार

स. : डोंगराकडून, मंद. पानं हलतात, दोरीवरचं लुगडं नाही.
दु. : जेवणं व्हायच्या आधीच फिरला. खाडीकडून. जोर.
सं. : पडला.

माई म्हणतात वायव्य लिही. वायव्य तीनदा लिहून घेतलं. वाटीभर पेज पिऊन परत दोनदा.

माईंची आज चौथी रात्र. औषधं रोह्याहून मागवली, म्हणजे राहणार बहुतेक. सहीचं विचारलं नाही. सा. विचार म्हणते खुणेने. मी नाही विचारत. त्या आपण होऊन म्हणाल्या, "बरगडी सरळ करून आणू देत. परत वर जाऊ दे, दुपारच्या वाऱ्यात. माझ्यासमोर. मग कागद आण."

मी म्हटलं, आणि नाही आणली तर?
"तर तुझी नात गुजरातेत. आणि तू मला तुझी ही वही वाचून दाखव."

१६ डिसेंबर, मंगळवार

स. : डोंगराकडून, थंड.
दु. : वायव्य. भरतीबरोबर जोर वाढला.
सं. : थोडा.

ट्रक बंगळूरला गेला, वाकलेली बरगडी घेऊन. पोती गुंडाळून नीट बांधली, मी बघितलं. सा. पण गेली, तिला तिथे लागणार. निघताना म्हणाली, "आजी, मोठं झालं की पहिल्या खेपेला तू." माई म्हणाल्या, "मी पण. खिडकीशी नको, कडेला." खिडकीच कडेला असते हे त्यांना मी सांगितलं. वाद झाला थोडा.

बेबी आली. आता तिने वारा बघायला सुरुवात केलीय, तिचा आणि माझा जुळत नाही. ती म्हणते दुपारचा पश्चिमेचा, मी म्हणते वायव्य. उद्या दोघी एकदमच बांधावर जाऊन ठरवणार.

संध्याकाळी मॅडमचा फोन. बरगडी नवी करतायत, तीच सरळ करत नाहीत. शेपटी बांधणार नाहीत. सोमवारी, २९ डिसेंबरला, सकाळी येऊन दुपारच्या वाऱ्यात वर सोडतो म्हणाली.